हवेला पडलेला पीळ

पोर सुखरूप होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगाच जीव मुठीत धरून बसतो, आणि ज्याची गोष्ट सांगायची त्या सुकदेव बडगुजरकडे त्याचं लक्षच राहत नाही. विमान हललं, जबर हललं, पण आत बसलेल्या कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. जो काही दणका बसला तो इकडे, सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला बसला, आणि चार दिवस तो कोणाला दिसलासुद्धा नाही.

सुकदेव मूळचा पारोळ्याकडचा. सव्वीस वर्षांपूर्वी गावातल्या दोघांबरोबर "सहा महिने बघू, नाही जमलं तर परत येऊ" असं म्हणून तो आला. ते दोघे सहा महिन्यांत परत गेले, हा राहिला. कारखाना धाग्याचा. पॉलिस्टरचा गुळगुळीत धागा मशीनवर चढवायचा, तापवायचा, पीळ द्यायचा आणि पुन्हा गुंडाळायचा, म्हणजे तो जरा फुगतो आणि कापडाला ऊब येते. हॉलमध्ये अशा मशीनच्या लांबच लांब रांगा. त्यांचा आवाज असा की शेजारच्या माणसाने कानाशी तोंड लावून शिवी दिली तरी हा हसून मान डोलवणार. कानात घालायची बोळी कंपनी देते, पण ती साहेब फिरतीवर आला की कानात, एरवी खिशात.

अशा ठिकाणी माणसाला दोनच वाटा. हातवारे शिकायचे, नाहीतर आवाज कमवायचा. सुकदेवने आवाज कमावला. पोटातून काढलेला, ना धड ओरडणं ना धड गाणं, असा तो आवाज सगळ्या मशीनच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या टोकाच्या माणसाला बरोबर गाठायचा. खात्यातल्या बिहारी, गुजराती, खानदेशी सगळ्यांनी मिळून त्याचं नाव ठेवलं, भोंगा. एकदा काय झालं, मालक हॉलमध्ये आलेले असताना सुकदेव तिकडच्या काळूला ओरडून सांगत होता, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. मशीनं बंद पडली, सुकदेवचं वाक्य मात्र चालू राहिलं. "शेठला काय डोंबल कळतंय त्यातलं!" सगळ्या हॉलने ऐकलं, शेठनेही ऐकलं. शेठ भला माणूस, म्हणाला, "सुकदेवभाई, बात तो सही है."

घरी आला तरी आवाज काही खुंटीला टांगता येत नाही. त्यात डावा कान हळूहळू कामातून गेलेला, म्हणजे आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाजही गेला. चाळीत त्याची बायको मंजुळाबाई त्याला म्हणायची, "अहो, मीठ मागताय का गाव गोळा करताय?" सुकदेवला वाईट वाटायचं नाही. एका गोष्टीचं मात्र वाटायचं. पोरगी सोनम हुबेहूब त्याच्यावर गेली होती. शाळेत बाई म्हणायच्या, "सोनम, तू हळू वाच, पलीकडचा वर्ग थांबलाय." लग्नाच्या बाजारात असा आवाज काय कामाचा, अशी चिंता बापाला लागली होती.

तर सोनम निघाली विमानात. हवाईसुंदरी हा शब्द मंजुळाबाईला भारी आवडायचा, सुकदेवला लाज वाटायची, तो "विमानात ड्युटी आहे" एवढंच म्हणायचा. गावाकडे एका भाऊबंदाने विचारलं, "म्हणजे वर वाढायचं काम ना?" सुकदेव म्हणाला, "हो. आणि विमान पडायला लागलं तर तुझ्यासारख्याला उचलून बाहेर फेकायचंही काम तिचंच." त्यानंतर त्या माणसाने विषय काढला नाही. कंपनीने सोनमला सहा आठवडे शिकवलं, त्यात एक गोष्ट घासून घासून शिकवली, की आवाज खाली, ओठांवर हसू, "सर" आणि "मॅम". पोरगी शिकली. घरी फोन करायची तेव्हा इतकं मऊ बोलायची की सुकदेव उजव्या कानाला फोन दाबून दाबून ऐकायचा आणि तरी अर्धं निसटायचं.

जानेवारीत ती दोन दिवस घरी आली. सोमवारी सकाळी परत निघाली. मंगळवारी पहाटे तिची ड्युटी होती, सातचं मुंबई-नागपूर. सुकदेवची सोमवारची सुट्टी, म्हणून तो घरी. मंजुळाबाईने हातावर दही दिलं, सोनमने देवाला, आईला, बापाला नमस्कार केला आणि चाकांची बॅग खडखडवत ती गल्लीतून निघाली. मंजुळाबाई मागच्या नळावर गेली, पाणी जाईल म्हणून. सुकदेव आत वळला आणि बघतो तर भिंतीच्या बटणापाशी सोनमचा चार्जर लोंबकळतोय.

आता या घरात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. टोकत नाहीत. "कुठे चाललास" विचारत नाहीत. काही विसरलं असेल तर गपचूप मागून धावायचं, पुढे जाऊन हातात द्यायचं. हे मंजुळाबाईचं म्हणणं, तिच्या आईचं म्हणणं, आणि सुकदेवच्याही आईचं तेच. आणि चुकून हाक गेलीच, तर त्यावर उतारा आहे. माणसाने परत यायचं, घरात बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मग नव्याने निघायचं. हे सगळं सुकदेवला पाठ होतं. पण चार्जर बघितला आणि त्याच्या मनात आलं, पोरीचा फोन बंद पडला तर खुशाली कशी कळणार? आणि मनात आलं ते तोंडातून गेलंसुद्धा.

"सोनम! ए सोनम! थांब!"

भोंगाच तो. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलेली सोनम जागच्या जागी थांबली, गर्रकन वळली. सुकदेव धावत गेला, चार्जर हातात दिला, आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण काय केलं. "चल, घरी ये, दोन मिनिटं टेक," तो म्हणाला. सोनम हसली. "पप्पा, सव्वाआठची बस आहे. चुकली तर वापीपर्यंत रिक्षात लोंबकळत जावं लागेल." आणि गेली. सुकदेव परत आला, मंजुळाबाई नळावरून आली, आणि हा काही बोलला नाही.

मंगळवारी तो पहिल्या पाळीला होता. मोबाईल बाहेर कपाटात, आत न्यायची मनाई. दहाच्या सुमाराला सुपरवायझर निलेश रांगेतून येताना दिसला. त्याने लांबूनच दोन्ही हात वर करून "ठीक आहे, ठीक आहे" अशी खूण केली. आता तुम्हीच सांगा, कोणी काही विचारलेलं नसताना माणूस येतो आणि लांबूनच ठीक आहे म्हणतो, तेव्हा बघणारा घाबरणार नाही तर काय करणार? ऑफिसात नेऊन निलेश म्हणाला, "सुकदेवभाऊ, घरून फोन होता. सोनम एकदम ठीक आहे, नागपूरला पोहोचली. विमान जरा हललं म्हणे वर गेल्यावर. टीव्हीवर आलं तर घाबरू नका, असं तिनेच कळवलंय. घ्या, लावा फोन."

सुकदेवने फोन लावला. पलीकडून मंजुळाबाई एकाच दमात हसत होती आणि रडत होती. "पोर बरी आहे हो! माझ्याशी बोलली. आडवं झालं म्हणे विमान, पार आडवं! माय गं! पण बरी आहे, नख नाही लागलं." सुकदेव खुर्चीत बसला. डोळे मिटले. देवा, तू आहेस, असं तो मनात म्हणाला आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि उतरला तसा पुढच्याच वाक्याला परत चढला. कारण मंजुळाबाई म्हणाली, "नक्की कोणीतरी टोकलं माझ्या पोरीला निघताना!"

संध्याकाळपर्यंत तिने गुन्हेगार शोधूनही काढला. समोरच्या खोलीतली झुंबरबाई. सोमवारी सकाळी ती दारात उभी होती, हातात रिकामी बादली होती, हे मंजुळाबाईने नळावर जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. "तिनेच विचारलं असणार, कुठे चालली गं पोरी म्हणून. तिच्या जिभेला हाड आहे का?" वीस वर्षांचा शेजार. सोनमच्या वेळी मंजुळाबाई दवाखान्यात होती तेव्हा सुकदेवला भाकरी थापून घातली ती याच झुंबरबाईने. तिच्याकडे रोज जाणारं वाटीभर कालवण त्या दिवसापासून बंद झालं. दोघींची एक सामाईक दोरी होती वाळवणाची, तिच्यावरचे आपले कपडे मंजुळाबाईने काढून आणले आणि खोलीत पंख्याखाली वाळत घातले. सुकदेव हे सगळं बघत होता, आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तोंडातून म्हणजे खरोखरच. बुधवारी खात्यात लोकांच्या लक्षात आलं की भोंगा वाजत नाही. धागा तुटला की हा जाऊन खांद्याला हात लावून सांगायचा. काळूने विचारलं, "क्या भाई, गला बैठ गया?" सुकदेवने मान हलवली. घसा बिसा काही बसला नव्हता. त्याने मनाशी गाठ बांधली होती की या आवाजाने पोरीला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं, हा आवाज आता काढायचा नाही. आणि मंजुळाला सांगायचं? ती आयुष्यभर तोंड बघणार नाही. अन् नाही सांगायचं, तर समोरची बाई विनाकारण सुळावर चढतेय. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे सुकदेव.

गुरुवारी तो पाळीवरून येत होता तेव्हा झुंबरबाईने त्याला गल्लीतच गाठलं. बिचारीचे डोळे भरलेले. "भाऊ, माझं काय चुकलं? सोनम वाचली म्हणून मी नारळ फोडला, प्रसाद घेऊन आले, तर वैनींनी दार लोटून घेतलं. मी काय केलं ते तरी सांगा." साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस खाली बघून उभा राहिला आणि पुटपुटला, "काही नाही ताई. तुम्ही काही नाही केलं." तिला तेही नीट ऐकू गेलं नाही. त्या रात्री सुकदेवला भाकरी गेली नाही, आणि ठरलं काय, तर काहीच ठरलं नाही.

शुक्रवारी दुपारी सोनम आली. कंपनीने डॉक्टरांकडून तपासून चार दिवस सुट्टी दिली होती. मंजुळाबाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीला चारही बाजूंनी चाचपून बघितलं, हात वर करून बघितला, मान वळवून बघितली. पोर ठणठणीत. सुकदेव भिंतीला टेकून नुसता तिच्याकडे बघत होता. डोळे भरून बघणं म्हणतात ते हेच.

चहा झाला आणि मंजुळाबाई म्हणाली, "आता सांग. काय झालं ते सगळं सांग. आणि निघताना तुले कोणी टोकलं तेही सांग."

"टोकलं काय आई!" सोनम हसली. "आमच्या आधी एक मोठं विमान उडालं होतं, खूप मोठं, परदेशी जाणारं. विमान उडतं ना, तेव्हा त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांवरून हवा गोल गोल फिरत मागे सुटते. दोन आडव्या वावटळी समजा. डोळ्यांना दिसत नाहीत. विमान जितकं जड, तितका त्यांना जोर. ते विमान निघून जातं, पण त्याच्या वावटळी मागे राहतात, हळूहळू खाली उतरतात. मागून येणारं आमच्यासारखं लहान विमान त्यात सापडलं की एक पंख वर, एक पंख खाली. तसंच झालं. जमीन सोडून मिनिटही झालं नसेल, डावा पंख एकदम खाली गेला. दाराच्या काचेतून मला आकाश दिसायचं, तिथे सरळ खालचा समुद्र दिसायला लागला."

"अगं माय!" मंजुळाबाईने कानांवर हात ठेवले.

"चार-पाच सेकंद फक्त. कॅप्टनने लगेच सरळ केलं. नागपूरपर्यंत मग पाणीही हललं नाही ग्लासातलं."

सुकदेव भिंतीपासून पुढे सरकला होता. मंगळवारपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जान दिसत होती, कारण हे त्याच्या कामातलं होतं. "म्हणजे हवेला पीळ पडतो," तो हळूच म्हणाला.

"हो, पीळच," सोनम म्हणाली.

"आणि विमान गेलं तरी पीळ जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं." तो विचारात पडला. "किती वेळ राहतो?"

"वारा असला तर लवकर मोडतो. वारा पडलेला असला तर राहतो दोन-तीन मिनिटं. म्हणून मोठं विमान गेलं की टॉवरवाले मागच्याला थांबवून धरतात. दोन मिनिटं थांबा, मगच उडा."

"बघा!" मंजुळाबाईने मांडीवर थाप मारली. "आम्ही अडाणी काय सांगतो? दोन मिनिटं थांबून निघावं! सरकारी टॉवर पण तेच सांगतो!"

"अगं, थांबलो होतो आई. घड्याळ लावून थांबलो. पण त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. कॅप्टन म्हणाले, जे लागलं ते उरलंसुरलं. न थांबता निघालो असतो तर..." सोनमने वाक्य सोडून दिलं आणि पुन्हा हसली. "तर कोणाची चूक नाही त्यात."

"कोणाचीच?" सुकदेव म्हणाला.

"कोणाचीच नाही पप्पा."

"ते आधीपासूनच तिथे होतं? तू घरून निघाली, नाही निघाली, कशीही निघाली, तरी?"

"मी त्या दिवशी आजारी पडून घरी बसले असते ना, तरी ते विमान तिथे तसंच हललं असतं. मोठ्या विमानाने सोडलेली हवा आहे ती. तिला काय माहीत कोण कसं निघालंय?"

सुकदेवने एक लांब श्वास घेतला, इतका लांब की दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. मग त्याने मान खाली घातली आणि सांगून टाकलं. "मंजुळा, झुंबरताईने नाही टोकलं. मी मारली हाक मागून. चार्जर राहिला होता. तू नळावर होती."

मंजुळाबाईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग झुंबरबाई आठवली असावी, कारण राग तिथेच ओशाळला. "चार दिवस!" ती म्हणाली. "चार दिवस मी त्या बाईशी अशी वागले, अन् तुम्ही तोंडात गुळणी धरून बसले! अहो, काय म्हणावं तुम्हाला?"

"काय पण म्हण. मला वाटलं, माझ्या या आवाजाने पोरगी गेलीच होती," सुकदेव म्हणाला. "मी ठरवलं होतं, आता तोंडच उघडायचं नाही."

मंजुळाबाई उठली, पदर खोचला, कालवणाचं पातेलं अख्खंच्या अख्खं उचललं आणि समोर गेली. तिकडे काय बोलणं झालं ते देव जाणे. पण थोड्या वेळाने दोघी हातात हात धरून आल्या, दोघींची नाकं लाल, आणि झुंबरबाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, तुमची हाक तर मी पण ऐकली होती सोमवारी. सगळ्या गल्लीने ऐकली. वैनींनाच तेवढी नळाच्या धारेत ऐकू गेली नाही. मला काय ठाऊक, एवढं महाभारत त्याच्यावर झालंय म्हणून!" तेव्हा मात्र सगळेच हसले, सुकदेवही हसला, पण कसंनुसं.

सोनम हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती. "पप्पा," ती म्हणाली, "एक गोष्ट मी सांगितलीच नाही. सांगू की नको असं झालं होतं, कारण त्यात मी शिकवलेलं सगळं मोडलं होतं." आणि तिने सांगितलं.

विमान उडताना तिची बसायची जागा पुढच्या दाराशी, तोंड प्रवाशांकडे, पट्टे खांद्यांवरून आवळलेले. विमानाने जमीन सोडली आणि चौथ्या रांगेतले एक म्हातारे आजोबा पट्टा काढून सरळ उभे राहिले. मोरीला निघाले होते बहुतेक. तिने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "सर, प्लीज बसून घ्या." ते ऐकेनात. मग तिने माईक उचलून सांगितलं, हिंदीत, मराठीत, गोड आवाजात. आजोबा शांतपणे वाटेत पाऊल टाकत होते. शेजारी त्यांची सून होती, ती डोळे मिटून देवाचं नाव घेत बसलेली. सोनमला जागा सोडून उठायची परवानगी नाही. "आणि मग पप्पा, मला कळलंच नाही काय झालं. सहा आठवड्यांचं शिक्षण गेलं कुठल्या कुठे. पोटातून आवाज निघाला, 'ए बाबा! खाले बस!' सगळं विमान दचकलं. मागच्या शेवटच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. आणि आजोबा धपकन बसले. सुनेने त्यांचा पट्टा ओढला, तो टक करून लागला, आणि विमान आडवं झालं. वरचा कप्पा उघडून एक बॅग पडली, पप्पा. ही एवढी जड. बरोबर तिथे, जिथे ते उभे होते."

सुकदेवचा हात नुसता गुडघ्यावर वरखाली होत होता.

"नागपूरला उतरताना ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आता तक्रार. सगळ्यांसमोर मी त्यांना 'ए' म्हटलं होतं. तर ते म्हणतात, 'कोणत्या खात्यातली गं तू?' मला काही कळेना. सून म्हणाली, 'बाबांना अजिबात ऐकू येत नाही हो. गिरणीत होते मुंबईला, साच्यांवर, म्हणजे मागांवर. चौतीस वर्षांत कान गेले. मशीन लावलंय कानाला, पण त्यातूनही बोललेलं काही कळत नाही.' आणि आजोबा म्हणाले, 'साच्यांच्या आवाजावरून हाक मारतात ती अशी. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तुझ्या घरात मशीनवर कोण आहे?'" सोनमने डोळे पुसले. "माझी अख्खी टीम उभी होती तिथे, कॅप्टनसुद्धा. त्यांना मी आजवर सांगत आले होते की माझे पप्पा टेक्स्टाईलमध्ये आहेत. मी म्हटलं, 'माझे वडील. सिल्वासाला. धाग्याच्या मशीनवर ऑपरेटर आहेत.'"

मंजुळाबाई आता उघड उघड रडत होती आणि झुंबरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होती. सुकदेवने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. शेवटी म्हणाला, "नंबर आहे का त्यांचा?"

"सुनेचा आहे. अश्विनीताईंचा. त्यांनी माझा फोटो काढून नेला होता, तो पाठवला."

"लाव."

फोन अश्विनीने उचलला. सुकदेवने आपण कोण ते सांगितलं, तीही खूप बोलली, आभार मानले. मग सुकदेव म्हणाला, "बाबांना द्या ना जरा." ती अवघडली. "काका, ते फोनवर नाही बोलत आता. काहीच ऐकू येत नाही त्यांना. सहा वर्षं झाली, फोन हातातही घेत नाहीत. मी त्यांना पाटीवर लिहून दाखवते, तुमचा फोन आला होता म्हणून."

"द्या तर खरं," सुकदेव म्हणाला.

पलीकडे कोणीतरी फोन कोणाच्या तरी हातात ठेवला, हे खुसफुशीवरून कळलं. सुकदेव उठून उभा राहिला. पाय जरा फाकवले, मशीनपुढे उभा राहतो तसे. मंगळवारपासून कोंडून ठेवलेला आवाज त्याने पोटातून वर घेतला. मंजुळाबाईने सवयीने हात वर केला, अहो हळू, म्हणून, आणि तसाच खाली घेतला.

"राम राम बाबा! मी सोनमचा बाप बोलतोय! सिल्वासावरून!"

गल्लीतून जाणारा सायकलवाला थांबला. मग एक म्हातारा आवाज, सुकदेवच्या आवाजाला तोडीस तोड, फोनमधून अख्ख्या खोलीत घुमला.

"ऐकू येतंय रे! सगळं ऐकू येतंय! ठेवू नकोस, बोलत राहा!"